मशाली, मुडदे आणि पेन्सिल : स्टर्लिंगमधले तीन दिवस

लेक ग्लासगोला असते. दोन महिने तिच्याकडे राहायला जायचं ठरलं तेव्हा तिनं फोनवर विचारलं, "आई, काय काय बघायचंय ते आत्ताच लिहून ठेव. तळी, डोंगर, एडिंबरा…"

म्हटलं, "तळी-डोंगर साताऱ्यात ढीगभर आहेत. ते खुनाच्या गोष्टी लिहिणारे लोक दरवर्षी कुठंतरी जमतात ना, तिथं ने."

पलीकडे बराच वेळ शांतता. मग जावयाचा हसण्याचा आवाज. म्हणजे फोन स्पीकरवर होता.

साताऱ्यातल्या एका वाचनालयात मी एकतीस वर्षं पुस्तकं देण्याघेण्याच्या टेबलामागं बसले. लोक काय वाचतात आणि काय वाचतो म्हणून सांगतात, या दोन्हींची यादी मला पाठ आहे. रहस्यकथा वर्तमानपत्रात गुंडाळून नेणारे हेडमास्तर मी पाहिलेत. तर स्कॉटलंडमध्ये स्टर्लिंग नावाच्या गावात सप्टेंबर महिन्यात 'ब्लडी स्कॉटलंड' नावाचा मेळा भरतो. लिन अँडरसन आणि अ‍ॅलेक्स ग्रे या दोन कादंबरीकार बायकांनी तो २०१२ मध्ये सुरू केला. शुक्रवार ते रविवार, तीन दिवस नुसत्या गुन्हेगारी कथा आणि त्या लिहिणारे. लेकीनं तिकिटं काढली, जावयानं "तुम्ही दोघीच जा, मला झोप प्यारी आहे" म्हणून अंग काढून घेतलं.

शुक्रवार : राजानं केलेला खून

ग्लासगोच्या क्वीन स्ट्रीट स्टेशनवरून गाडी धरली आणि पाऊण तासाच्या आत स्टर्लिंगला उतरलो. बाहेर पाऊस होता असंही नाही आणि नव्हता असंही नाही. इथं त्याला 'ड्रीख' म्हणतात. आकाश राखाडी, हवा ओली, आणि चेहऱ्यावर नुसती पिरपिर. श्रावणातलं ठोसेघर आठवा आणि त्यातून हिरवा रंग थोडा कमी करा. छत्री उघडावी तर वारा ती उलटी करतो, म्हणून इथं छत्री घेऊन फिरणारा माणूस ओळखून घ्यावा की पाहुणा आहे.

किल्ला गावाच्या डोक्यावर, काळ्या कड्यावर बसलाय. सातारकराला हे दृश्य ओळखीचं. मान वर केली की अजिंक्यतारा दिसायची सवय असते. फरक इतकाच की इथं किल्ल्याच्या आतला मोठा दरबार हॉल बाहेरून चक्क पिवळाधमक आहे. जुन्या पद्धतीचा चुना रंग घालून लावलाय. लांबून वाटतं, कुणीतरी किल्ल्याला हळद लावून बसवलंय.

मला मात्र बघायची होती ती डग्लस बाग. गोष्ट अशी. २२ फेब्रुवारी १४५२. राजा दुसरा जेम्स, वय वर्षं एकवीस. त्याला आठव्या अर्ल ऑफ डग्लसची धास्ती वाटत होती, कारण डग्लसनं दुसऱ्या दोन बड्या सरदारांशी परस्पर करार केला होता. राजानं त्याला अभयपत्र पाठवून किल्ल्यावर बोलावलं, जेवू घातलं आणि करार मोडायला सांगितलं. डग्लस नाही म्हणाला. राजानं स्वतःच्या हातानं सुरा खुपसला, मग दरबारी मंडळींनी हात धुऊन घेतले. जुन्या बखरीत सव्वीस जखमा मोजल्यात. प्रेत खिडकीतून खाली बागेत. पुढं १७९७ मध्ये या बाजूला खणताना एक सांगाडा सापडला आणि तो डग्लसचाच असं लोकांनी ठरवून टाकलं. आणि खुनाच्याच वर्षी, १४५२ मध्ये, पार्लमेंटनं राजाला निर्दोष ठरवलं, म्हणे डग्लसनंच हे ओढवून घेतलं.

प्रतापगडाच्या जिल्ह्यातली असल्यानं असल्या भेटीला जाताना आत चिलखत घालावं हे मला ठाऊक होतं. डग्लसला कुणी सांगितलं नव्हतं.

बागेत एक बाक आहे. तिथं बसून आम्ही डब्यातले थालीपिठाचे तुकडे खाल्ले. लेक म्हणाली, "आई, इथं बसून खायचं?" म्हटलं, "सहाशे वर्षं होत आली. सुतक फिटलं."

संध्याकाळी किल्ल्यापुढच्या मोकळ्या पटांगणावर गर्दी जमली. मेळ्याची सुरुवात मशालींच्या मिरवणुकीनं होते. पुढं पाइप बँड, मागं लेखक, त्यांच्यामागं ज्याच्या हाती मशाल आली तो प्रत्येक जण. मलाही एक मिळाली. मेणात बुडवलेल्या कापडाची, हातभर लांब. वारा आला की ज्योत आडवी होते आणि पुढच्या माणसाच्या पाठीला लागेल की काय, म्हणून अर्धं लक्ष तिकडंच. बँड सुरू झाला आणि दगडी फरसबंदीच्या उतारावरून सगळा लोंढा खाली निघाला. खिडक्यांतून लोक हात हलवत होते. एका खिडकीत तर एक मांजरही गंभीरपणे बघत होतं.

किल्ल्यावरून गावात ज्योत आणणं आम्हांला नवीन नाही. शिवजयंतीला पोरं गडावरून शिवज्योत घेऊन पळत येतात, मी स्वतः दारात ओवाळलंय त्यांना. पण इथं ज्यांच्यासाठी मशाली पेटल्या होत्या ते लोक खुनाच्या कादंबऱ्या लिहिणारे होते. पुढं चाललेल्या त्या मंडळींत एक ढगळ रेनकोटवाल्या बाई, एक टक्कल पडलेले गृहस्थ, कुणी कुबडी घेऊन चालणारं. वाण्याच्या दुकानात रांगेत उभे असावेत तशी माणसं.

आमच्याकडे बाबूराव अर्नाळकरांनी हजाराच्या वर रहस्यकथा लिहिल्या. झुंजार आणि काळापहाड यांच्यावर दोन पिढ्या वाचायला शिकल्या. संमेलनाच्या ग्रंथदिंड्या मी पुष्कळ पाहिल्या, दोन-चारदा पालखीला खांदाही दिला. त्या पालखीत ज्ञानेश्वरी असते, गाथा असते, संविधान असतं, सगळं रास्त आहे. झुंजारची कथा ठेवलेली मात्र मी एकदाही पाहिली नाही. आमच्या वाचनालयाच्या एका समिती सदस्यांनी तर "असली पुस्तकं खालच्या फळीवर ठेवा, पाहुण्यांना दिसतात" असं मला सांगितलं होतं. ठेवली. लोक गुडघ्यावर बसून घ्यायला लागले.

हे डोक्यात चाललेलं असताना मशालीचं मेण ओघळून बुटावर पडलं. डाग अजून आहे.

(जाणाऱ्यांसाठी : स्टेशनपासून किल्ल्यापर्यंत सगळा चढ आहे. गुडघे कुरकुरत असतील तर वर जाताना टॅक्सी करा आणि खाली चालत या, उलट नको. किल्ल्याचं तिकीट आधी ऑनलाइन काढलं तर थोडं स्वस्त पडतं. मशाल घेणार असाल तर अंगावर चांगला कोट नको. आणि मेळ्याच्या तीन दिवसांत गावात खोली मिळणं मुश्कील, ते काम उन्हाळ्यातच उरकून टाकावं.)

शनिवार : दोन सभागृहं, एक प्रश्न

सकाळी नाश्त्याला 'टॅटी स्कोन' आला. नावावर जाऊ नका. उकडलेला बटाटा, थोडं पीठ, लोणी, लाटून त्रिकोणी कापलेलं आणि तव्यावर भाजलेलं. म्हणजे आपलं उपासाचं बटाट्याचं थालीपीठच, मिरची-जिऱ्याशी काडीमोड घेतलेलं. पर्समधली लसणाची चटणी काढली. घरमालकीणबाईंनी चमच्याच्या टोकावर घेऊन चाखली, डोळे पुसले आणि दुसऱ्यांदा घेतली.

ब्रॉड स्ट्रीटवर टोलबूथ नावाची इमारत आहे. अठराव्या शतकाच्या सुरुवातीची. गावची कचेरी, कोर्ट आणि तुरुंग तिन्ही एकाच छपराखाली. आता तिथं गाणी-नाटकं होतात. भिंतीवर एका पाटीपाशी थांबलो. जॉन बेअर्ड आणि अँड्र्यू हार्डी, दोघं विणकर. मताधिकार आणि मजुरीसाठी झालेल्या उठावात सापडले. ८ सप्टेंबर १८२० रोजी या इमारतीसमोर त्यांना फाशी दिलं आणि वर शिरच्छेदही केला. पाटीखाली कुणीतरी फुलं ठेवली होती, ताजी. समोर एक बाई बाबागाडी ढकलत मोबाइलवर भांडत चालली होती.

आता मुख्य गोष्ट. आमचा कार्यक्रम अल्बर्ट हॉल्समध्ये होता. ही १८८३ सालची इमारत, गावानं संगीत-सभांसाठी बांधलेली. पण लेकीनं आदल्या रात्री तिकीट नीट न बघता "गोल्डन लायन हॉटेल" असं पक्कं डोक्यात धरलं होतं. मेळ्याचे कार्यक्रम दोन्हीकडे चालतात. गोल्डन लायनमध्ये छान मधल्या रांगेत बसलो, मी चष्मा पुसला, वही काढली, आणि शेजारच्या तरुणानं हळूच विचारलं, "तुम्हीपण विषांवरच्या कार्यक्रमाला का?" आम्ही विषांवरच्या कार्यक्रमाला नव्हतो. उठलो, वीस गुडघ्यांना "सॉरी" म्हणत बाहेर पडलो आणि उतारावरून अक्षरशः पळालो. पाच-सात मिनिटांचंच अंतर आहे, पण बासष्टाव्या वर्षी ते पळायचं अंतर नाही.

अल्बर्ट हॉल्समध्ये पोचलो तर मंचावर एक पोरगेलासा मुलगा कागद हातात धरून वाचत होता. इथली ही पद्धत मला फार आवडली. मोठ्या लेखकांच्या गप्पा सुरू होण्याआधी एका नवख्याला दोन-तीन मिनिटं देतात. आलेली सगळी गर्दी आयती त्याच्यापुढं. कागद थरथरत होता, आवाज मात्र खणखणीत. शेवटच्या वाक्याला त्यानं फ्रीजचं दार उघडलं आणि आत काय होतं ते न सांगता खाली उतरला. सभागृह "ओऽऽ" करून कण्हलं.

आम्हांला जागा दिली ती एका आजीबाईंनी, लोकरीची पिशवी मांडीवर घेऊन. फॉलकर्कहून आल्या होत्या. निळा मोजा विणत होत्या. मी तासभर बघत होते : मंचावर पोलिसांच्या कामाबद्दल बोलणं चाललं की सुया सुरू, प्रेताचं वर्णन आलं की सुया थांबत, आणि प्रेत शवागारात पोचलं की पुन्हा सुरू.

मंचावर तीन लेखक आणि बोलतं करणाऱ्या एक बाई. नावं मुद्दाम देत नाही. गप्पांच्या ओघात माणूस जे बोलून जातो ते नावानिशी छापणं मला बरं वाटत नाही. पण बोलले ते ऐकण्यासारखं होतं.

इथल्या कादंबऱ्यांत पोलीस नेहमी जोडीनं का हिंडतात, असं मला वाटायचं. उत्तर कायद्यात आहे. स्कॉटलंडचा फौजदारी कायदा इंग्लंडपेक्षा वेगळा. महत्त्वाच्या गोष्टीला एका साक्षीवर भागत नाही, तिला दुसऱ्या स्वतंत्र पुराव्याचा दुजोरा लागतो. म्हणून एका पोलिसानं ऐकलेल्या कबुलीजबाबाला दुसऱ्या पोलिसाचा कान हवा. टकले गृहस्थ म्हणाले, लेखकाला हे वरदान आहे, कारण गाडीत दोघं असले की भांडण आपोआप लिहून होतं. वाचकांची पत्रंही येतात म्हणे. विष चुकलं तर एखादं येतं; बसचा नंबर चुकला तर गठ्ठा.

डंडी विद्यापीठातल्या शवागाराचाही विषय निघाला. ते उभं करायला गुन्हेकथा लिहिणाऱ्यांनी वाचकांकडून पैसे जमवले होते. ज्या लेखकाच्या नावावर जास्त देणगी, त्याचं नाव शवागाराला. व्हॅल मॅक्डर्मिड जिंकल्या आणि २०१४ मध्ये त्यांच्या नावाचं शवागार सुरू झालं. आपल्याकडे शाळेला नाव देतात, चौकाला देतात, फार झालं तर उड्डाणपुलाला. शवागाराला आपलं नाव लागावं म्हणून चढाओढ करणाऱ्या लोकांबद्दल मला एकदम जिव्हाळा वाटला.

मग श्रोत्यांचे प्रश्न. "तुम्हाला रात्री झोप लागते का?" हा कुणीतरी विचारतोच, विचारला. "छान लागते, जे सुचतं ते दिवसा कागदावर उतरून गेलेलं असतं," असं उत्तर आलं. लेकीनं मला कोपरानं ढोसलं. मी हात वर केला आणि लगेच पस्तावले, कारण माइक घेऊन एक मुलगी धावत आली.

म्हटलं, मी भारतातून आलेय, वाचनालयात होते. आमच्याकडे रहस्यकथेच्या पहिल्या पानावर कुणीतरी पेन्सिलीनं खुन्याचं नाव लिहून ठेवायचं. 'खुनी : डॉक्टर.' अशा वाचकाचं तुम्ही काय कराल?

सभागृह हसलं. मधल्या बाईंनी (रेनकोटवाल्या, कालच्या मिरवणुकीतल्या) उलट मलाच विचारलं, "तुम्ही काय करायचात?"

हे मी आजवर वाचनालयात कुणाला सांगितलं नव्हतं. सुरुवातीला खोडायची. पण कागद इतका हलका, की खोडरबर फिरवलं की पानाला भोक. मग एके दिवशी मी त्या 'डॉक्टर'खाली निळ्या शाईनं, डाव्या हातानं लिहिलं, 'चूक. माळी.' त्याखाली हिरव्यानं, 'दोघंही गाढव आहात. धाकटा भाऊ.' आणि सगळ्यांत खाली शाळकरी अक्षरात, 'बायको!!!' पुस्तक महिन्याभरात अकरा जणांनी नेलं. अशी मी पुढं किती पुस्तकं केली ते विचारू नका. त्यातल्या एकाचं तर शेवटचं पान फाटून गेलं होतं, त्यामुळं त्या चार नावांपलीकडे कुणाकडेच काही पुरावा नव्हता.

माझं इंग्रजी वाचनालयातलं, सावकाश चालणारं. पण 'बायको' म्हणजे 'द वाइफ' म्हटल्यावर जी टाळी पडली ती मी जन्मात विसरणार नाही. फॉलकर्कच्या आजींनी सुया खाली ठेवून टाळ्या वाजवल्या. रेनकोटवाल्या बाई म्हणाल्या, "मला तुमच्यासारखी संपादक हवी होती."

सही घ्यायच्या रांगेत आजी आमच्यामागं होत्या. त्यांनी डब्यातून 'टॅब्लेट' दिलं. साखर, लोणी आणि आटवलेलं गोड दूध घोटून थापलेली वडी; दाताखाली नारळाच्या वडीसारखी रवाळ, गोड इतकी की चहा कडू लागावा. पाक कसा ओळखायचा विचारलं, तर म्हणाल्या गार पाण्यात थेंब टाकून गोळी होते का बघायची. झालं, आमचं जमलं. मग त्यांनी सांगितलं की त्या एकदा ज्युरीत होत्या. इथं ज्युरी पंधरा जणांची. आणि दोषी, निर्दोष यांच्याखेरीज 'सिद्ध झालं नाही' असा तिसराही निकाल शतकानुशतकं देता यायचा. २०२५ मध्ये तिथल्या संसदेनं तो काढून टाकायचा कायदा केला. मी त्यांना १९५९ च्या नानावटी खटल्याचं सांगितलं, मुंबईत नऊ जणांची ज्युरी आणि आठ विरुद्ध एक असा निकाल. "मग तुमच्या खटल्यात काय झालं?" मी विचारलं. आजींनी ओठांवर बोट ठेवलं. ज्युरीच्या खोलीतलं बोलणं बाहेर सांगणं गुन्हा आहे. "इथं दोनशे लेखक आहेत," त्या म्हणाल्या, "एकालाही सांगितलं नाही."

आमची पाळी आली. बाईंनी मला ओळखलं. सही करायला पेन उघडलं, थांबल्या, आणि पुस्तकाचं पहिलं पान काढून आजींना म्हणाल्या, "तुमच्याकडे पेन्सिल आहे का?" आजींकडे विणीच्या ओळी मोजायची बोटभर पेन्सिल होती. बाईंनी तिनं एक नाव लिहिलं. मग लेकीचं जांभळं पेन घेऊन दुसरं, माइकवाल्या मुलीच्या लाल पेनानं तिसरं, आणि शेवटी स्वतःच्या काळ्यानं चौथं. चारही वेगळ्या अक्षरात, डाव्या हाताचंही एक. सही करायची राहूनच गेली. मी आठवणही केली नाही.

दुपारी लेखकांची फुटबॉल मॅच झाली, स्कॉटलंड विरुद्ध इंग्लंड, एका जुन्या धर्मशाळेच्या हिरवळीवर. या कोवेन्स हॉस्पिटलच्या दारावर दात्याचा दगडी पुतळा आहे, तो म्हणे ३१ डिसेंबरच्या रात्री खाली उतरून नाचतो. मॅचमध्ये निम्मे खेळाडू दहा मिनिटांत कमरेवर हात ठेवून उभे. दगडी पुतळा बरा नाचला असता.

रविवार : उरलंसुरलं

पाऊस खरोखरीचा लागला. होली रूड चर्चमध्ये गेलो, इथं १५६७ मध्ये सहाव्या जेम्सला राज्याभिषेक झाला, तेव्हा तो तेरा महिन्यांचा होता. आत कोरडं आणि शांत होतं एवढंच मला त्या वेळी महत्त्वाचं. वॉलेस या जुन्या स्कॉटिश लढवय्याच्या स्मारकाचा मनोरा लांबून ढगात अर्धा बुडालेला दिसला. त्याला २४६ पायऱ्या आहेत हे लेकीनं वाचून दाखवल्यावर आम्ही लांबूनच नमस्कार केला. दुपारी स्मिथ म्युझियममध्ये जगातला सर्वांत जुना समजला जाणारा फुटबॉल पाहिला, किल्ल्याच्या छपरात सापडलेला, साधारण १५४० च्या सुमाराचा. मोठ्या मोसंबीएवढा, सुरकुतलेला.

(जाणाऱ्यांसाठी : स्मिथ म्युझियमला तिकीट नाही, पावसाच्या दिवशी उत्तम. मांसाहार चालत नसेल तर 'व्हेजिटेरियन हॅगिस' मागा. ओट आणि डाळी-बियांचं असतं, मिरपूड सढळ, वर आपली चटणी घेतली की झकास. आणि स्कॉटलंडमधल्या बँका स्वतःच्या नोटा छापतात. त्या परतण्याआधी तिथंच संपवा, आपल्याकडे बदलून मिळायला त्रास होतो.)

परतीच्या गाडीत लेकीनं पुस्तक मागितलं. दिलं नाही. ती म्हणाली, "पहिलं पान तरी बघू दे." तेच तर द्यायचं नव्हतं.

साताऱ्याला येऊन तीन आठवडे झाले. दुपारी जेवणं उरकली की डिक्शनरी शेजारी घेऊन रोज आठ-दहा पानं होतात. आज एकशे चौऱ्याऐंशीव्या पानावर आहे. चौघांपैकी दोघांचे मुडदे पडलेत, तिसरा पहिल्यापासून इस्पितळात बेशुद्ध आहे, आणि पेन्सिलीनं लिहिलेलं नाव अजून पुस्तकात आलेलंच नाही.